रुपयाची वाटणी आणि खेळाचा संगणक

दहावी-बारावीच्या परीक्षा आटोपल्या, की अनेक मध्यमवर्गीय घरांत एक मागणी हमखास पुढे येते. मुलाला अथवा मुलीला संगणक हवा असतो आणि तोही ज्यावर अद्ययावत खेळ सुरळीत चालतील असा. पालकांच्या दृष्टीने संगणक हे अभ्यासाचे साधन असते, तर मुलांच्या दृष्टीने ते अभ्यासाचे साधन आणि क्रीडांगण असे दोन्ही असते. या दोन्ही अपेक्षा एकाच यंत्राने पुऱ्या करावयाच्या असतात. त्यासाठी बाजूला काढलेली रक्कम मात्र मर्यादित असते. कधी ती वार्षिक बोनसमधून येते, तर कधी मुदत संपलेल्या एखाद्या छोट्या ठेवीतून. चुकीच्या वस्तूंवर ती एकदा खर्च झाली, की पुन्हा तेवढी रक्कम उभी राहण्यास दोन-तीन वर्षे जातात.

अशा वेळी तयार संगणक घेण्याऐवजी सुटे भाग निवडून तो जुळवून घेण्याचा, म्हणजेच ‘असेंबल’ करून घेण्याचा मार्ग पुष्कळांना किफायतशीर वाटतो. तो किफायतशीर ठरूही शकतो. मात्र त्यासाठी एक पथ्य पाळावे लागते. एकूण रक्कम किती आहे याहून तिची वाटणी कशी केली आहे, यावर अशा संगणकाचे यश अधिक अवलंबून असते. केंद्रीय अर्थसंकल्पाच्या वेळी रुपया कसा येतो आणि कसा जातो याचे चित्र प्रसिद्ध होते. संगणकाच्या खरेदीपूर्वी घरातल्या घरात तसेच एक चित्र कागदावर काढणे हिताचे असते.

सुट्या भागांची बाजारपेठ

मुंबईत ग्रँट रोड स्थानकाजवळचा डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, म्हणजे सर्वांच्या परिचयाचा लॅमिंग्टन रोड, ही सुट्या भागांची जुनी बाजारपेठ आहे. दिल्लीत नेहरू प्लेस, बंगळूरात एस. पी. रोड आणि चेन्नईत रिची स्ट्रीट यांचे स्थान असेच आहे. निरनिराळ्या कंपन्यांचे भाग एकाच पेटीत गुण्यागोविंदाने बसू शकतात, याचे श्रेय समान मानकांना द्यावे लागेल. इंटेल कंपनीने १९९५ मध्ये ‘एटीएक्स’ हे मानक मांडले. मदरबोर्डचे आकारमान, स्क्रूच्या छिद्रांच्या जागा, वीज पुरवणाऱ्या जोडण्या हे सारे त्यामुळे ठरून गेले. आज एका कंपनीची पेटी, दुसरीचा मदरबोर्ड आणि तिसरीचे ग्राफिक्स कार्ड ग्राहक निःशंकपणे घेऊ शकतो, ते या समान मापामुळेच.

दोन खिडक्या, एक रांग

खेळ चालू असताना संगणकाच्या आत काय घडते, हे समजले तर वाटणीचा अर्धा प्रश्न सुटतो. पडद्यावर दिसणारे चलतचित्र म्हणजे एकामागून एक दाखवलेली स्थिरचित्रे होत. त्यांना फ्रेम म्हणतात. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील, तर प्रत्येक फ्रेम तयार करण्यास सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात. १४४ फ्रेम हव्या असतील, तर हा अवधी ७ मिलिसेकंदांहून कमी होतो. प्रत्येक फ्रेमसाठी प्रोसेसर आधी खेळातील जगाचा हिशेब करतो. कोण कोठे आहे, गोळी कोणास लागली, भिंत कोसळली की नाही, हे तो ठरवतो. त्यानंतर ग्राफिक्स कार्ड ते दृश्य ठिपक्या-ठिपक्याने रंगवते.

जुन्या काळी बँकेच्या शाखेत एका खिडकीवर धनादेश तपासून टोकन दिले जाई आणि दुसऱ्या खिडकीवर रोखपाल रक्कम देत असे. एक खिडकी कितीही चपळ असली, तरी रांग पुढे सरके ती संथ खिडकीच्या गतीने. संगणकातही तसेच घडते. महागडा प्रोसेसर आणि दुबळे ग्राफिक्स कार्ड अशी जोडी असेल, तर प्रोसेसर वाट पाहत बसतो. उलट जोडी असेल, तर कार्ड रिकामे राहते. दोन्ही प्रकारांत दिलेल्या पैशांचा काही भाग निष्क्रिय पडून राहतो.

यांपैकी कोणत्या खिडकीवर अधिक भार पडेल, हे पडदा आणि खेळ ठरवतात. १९२० गुणिले १०८० ठिपक्यांच्या पडद्यावर, ज्यास ‘फुल एचडी’ म्हणतात, एका फ्रेममध्ये सुमारे २० लाख ७४ हजार ठिपके असतात. सेकंदाला ६० फ्रेम धरल्यास ग्राफिक्स कार्डाने सेकंदाला सुमारे १२ कोटी ४४ लाख ठिपके रंगवावयाचे असतात. ‘४के’ पडद्यावर ठिपक्यांची संख्या बरोबर चौपट, म्हणजे सुमारे ८२ लाख ९४ हजार होते. मर्यादित रकमेत ‘४के’चा मोह टाळावा असे जाणकार सांगतात, त्याचे कारण या साध्या गुणाकारात आहे.

खेळांचेही दोन वर्ग पाडता येतात. ‘व्हॅलोरंट’ (२०२०) किंवा ‘काउंटर-स्ट्राइक २’ (२०२३) यांसारख्या चुरशीच्या खेळांत फ्रेमची संख्या महत्त्वाची असते आणि प्रोसेसरचा कस लागतो. ‘सायबरपंक २०७७’ (२०२०) यासारख्या दृश्यप्रधान खेळांत ग्राफिक्स कार्डावर मोठा भार येतो. म्हणून दुकानाची पायरी चढण्यापूर्वी घरात दोन प्रश्नांची उत्तरे ठरावीत: कोणते खेळ खेळावयाचे आहेत आणि कोणत्या पडद्यावर? घरातील जुना पडदा सेकंदाला ६० चित्रेच दाखवू शकत असेल, तर त्यावर १४४ फ्रेमची चैन दिसणार नाही.

शंभर पैशांचा हिशेब

पडदा, कळफलक आणि माउस वगळून केवळ संगणकाच्या पेटीचा विचार केला, तर फुल एचडी पडद्यावर सर्व प्रकारचे खेळ खेळू इच्छिणाऱ्यासाठी रुपयाची वाटणी साधारण पुढीलप्रमाणे करता येईल:

ग्राफिक्स कार्ड – ४० पैसे
प्रोसेसर – १७ पैसे
मदरबोर्ड – १२ पैसे
रॅम – ११ पैसे
एसएसडी – ८ पैसे
वीजपुरवठा, अर्थात एसएमपीएस – ७ पैसे
कॅबिनेट – ५ पैसे

हा भावफलक नसून केवळ दिशादर्शक नमुना आहे. बाजारभावांनुसार दोन-चार पैसे इकडचे तिकडे होतील. विशेषतः रॅमच्या ओळीकडे लक्ष ठेवावे. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी उभ्या राहणाऱ्या माहिती केंद्रांची मागणी वाढल्याने २०२५ च्या उत्तरार्धात रॅमचे भाव जगभर झपाट्याने चढले. अशा वेळी रॅमसाठी लागणारे अधिकचे पैसे कॅबिनेटवरील रोषणाईतून किंवा मदरबोर्डच्या अनावश्यक सोयींतून काढावेत. वीजपुरवठ्यातून काढू नयेत.

ज्यांची रक्कम आज अपुरी आहे, त्यांच्यासाठी टप्प्याटप्प्याने खरेदीचाही मार्ग आहे. काही प्रोसेसरांत चित्रनिर्मितीची बऱ्यापैकी क्षमता अंगभूत असते. एएमडीचे ‘रायझन ५ ५६००जी’ (२०२१) अथवा ‘रायझन ५ ८६००जी’ (२०२४) ही त्याची उदाहरणे होत. अशा प्रोसेसरवर हलके खेळ आणि अभ्यास दोन्ही सुरू करता येतात. रुपयातील ४० पैशांचे ग्राफिक्स कार्ड वर्षभराने, आवर्ती ठेवीत पैसे साठवून, बसवता येते. तयार लॅपटॉपमध्ये ही मुभा सहसा नसते. याउलट, ज्या इंटेल प्रोसेसरच्या नावापुढे ‘एफ’ हे अक्षर असते, त्यांत अंगभूत चित्रनिर्मिती नसते. स्वतंत्र कार्डावाचून पडद्यावर काहीच उमटणार नाही.

नावाला भुलू नये

अनभिज्ञ ग्राहकाची फसगत बहुधा दोन शब्दांनी होते. पहिला शब्द ‘आय ७’ आणि दुसरा ‘४ जीबी ग्राफिक्स’. सात हा आकडा तिनाहून मोठा असल्यामुळे आय ७ नेहमीच आय ३ हून सरस, असा समज रूढ आहे. वस्तुस्थिती वेगळी आहे. २०११ च्या आरंभी आलेला ‘कोअर आय ७-२६००’ आणि २०२२ च्या आरंभी आलेला ‘कोअर आय ३-१२१००एफ’ या दोहोंत चारच गाभे आणि आठच धागे आहेत. परंतु मधल्या अकरा वर्षांत प्रत्येक गाभ्याची कार्यक्षमता पुष्कळ वाढली असल्याने नवा आय ३ जुन्या आय ७ ला सहज मागे टाकतो. शिवाय त्या जुन्या प्रोसेसरवर विंडोज ११ अधिकृतरीत्या चालत नाही आणि विंडोज १० चे सर्वसाधारण साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी समाप्त झाले. स्वस्त ‘गेमिंग संगणक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या संचांत असे जुने प्रोसेसर आढळतात. म्हणून केवळ ‘आय ५’ किंवा ‘आय ७’ न विचारता पूर्ण क्रमांक विचारावा.

ग्राफिक्स कार्डाबाबतही तेच. ‘जीटी ७३०’ हे २०१४ मध्ये आलेले अगदी प्राथमिक कार्ड ४ जीबी स्मृतीसहही मिळते. स्मृती म्हणजे कार्डाचे कोठार. रंगवण्याचा वेग त्यातील गणनयंत्रावर अवलंबून असतो. कोठार मोठे आणि हात तोकडे, अशी त्याची अवस्था असते. ‘आरटीएक्स ४०६०’ (२०२३), १२ जीबी स्मृतीचे इंटेलचे ‘आर्क बी५८०’ (डिसेंबर २०२४) अथवा ८ व १६ जीबी अशा दोन रूपांत आलेले एएमडीचे ‘आरएक्स ९०६० एक्सटी’ (२०२५) ही अलीकडील कार्डे फुल एचडीसाठी समर्थ आहेत. नव्या दृश्यप्रधान खेळांना ८ जीबी स्मृती काही वेळा अपुरी पडू लागली आहे. त्यामुळे किमतीतील फरक थोडा असेल आणि गणनक्षमता तुल्यबळ असेल, तर अधिक स्मृतीचे कार्ड निवडणे दूरदर्शीपणाचे ठरते.

वापरलेल्या कार्डांची बाजारपेठही मोठी आहे. आभासी चलनाच्या ‘खाणकामा’साठी अहोरात्र राबवलेली पुष्कळ कार्डे, इथेरियम या चलनाने सप्टेंबर २०२२ मध्ये आपली पद्धत बदलल्यानंतर, बाजारात आली. असे प्रत्येक कार्ड निकामीच असते असे नाही. परंतु मूळ बिल, हमीची शिल्लक मुदत आणि डोळ्यांदेखत अर्धा तास जड खेळ चालवून घेतलेली परीक्षा, एवढ्या तीन गोष्टींवाचून ते घेऊ नये.

मदरबोर्ड: पुढील काही वर्षांचा निर्णय

मदरबोर्डमुळे खेळाचा वेग फारसा वाढत नाही. मात्र पुढे कोणता प्रोसेसर बसवता येईल हे तो ठरवतो. प्रोसेसर ज्या खोबणीत बसतो, तिला सॉकेट म्हणतात. एएमडीचे ‘एएम४’ हे सॉकेट २०१६ मध्ये आले. त्यावरील २०१७ च्या अनेक मदरबोर्डांवर, बायोस ही मूलभूत प्रणाली अद्ययावत केल्यानंतर, २०२२ मध्ये आलेले प्रोसेसरही बसू शकले. ज्यांनी २०१७ साली विचारपूर्वक मदरबोर्ड घेतला, त्यांना पाच वर्षांनी केवळ प्रोसेसर बदलून काम भागवता आले.

२०२२ मध्ये आलेल्या ‘एएम५’ सॉकेटला केवळ डीडीआर५ प्रकारची रॅम चालते, तर एएम४ ला डीडीआर४. इंटेलच्या २०२१ मधील ‘एलजीए १७००’ सॉकेटचे मदरबोर्ड दोन्ही प्रकारांत मिळतात. परंतु एका मदरबोर्डवर बहुधा एकच प्रकार चालतो. या दोन प्रकारच्या रॅमच्या पट्ट्यांची खाच निराळ्या जागी असल्याने त्या परस्परांच्या जागी बसत नाहीत. जुन्या संगणकातील डीडीआर४ रॅम हाताशी असेल, तर ती वापरून मोठी बचत साधता येते. सर्वच भाग नवे घ्यावयाचे असतील आणि चार-पाच वर्षांनी प्रोसेसर बदलण्याचा विचार असेल, तर एएम५ सारख्या नव्या सॉकेटसाठी थोडी अधिक रक्कम मोजणे योग्य ठरते.

रॅमच्या बाबतीत १६ जीबी हे आजच्या खेळांसाठी समाधानकारक प्रमाण मानावे. १६ जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षा ८ जीबीच्या दोन पट्ट्या घेतल्या, तर प्रोसेसरला एकाच वेळी दोन मार्गांनी माहिती मिळते. अंगभूत चित्रनिर्मितीवर विसंबून राहणाऱ्यांना तर हा फरक स्पष्ट जाणवतो. साठवणुकीसाठी हार्ड डिस्कऐवजी एसएसडी घ्यावी. हार्ड डिस्क सेकंदाला दीड-दोनशे एमबी माहिती वाचते. सॅटा जोडणीची एसएसडी साडेपाचशेच्या आसपास आणि एनव्हीएमई प्रकारची एसएसडी कित्येक हजार एमबी वाचते. तरीही खेळ उघडण्याच्या वेळेतील मोठा फरक हार्ड डिस्क सोडून कोणत्याही एसएसडीवर येताना पडतो. सर्वांत वेगवान एसएसडीसाठी दुप्पट किंमत देणे मर्यादित रकमेत समर्थनीय नाही.

न दिसणाऱ्या भागावरील खर्च

संगणकाच्या सर्व भागांत सर्वाधिक उपेक्षा होते ती वीजपुरवठा करणाऱ्या एसएमपीएसची. त्यामुळे खेळाचा वेग वाढत नाही, रोषणाई होत नाही. म्हणून कॅबिनेटबरोबर आलेली कोणतीही अनामिक पेटी पुष्कळ जण स्वीकारतात. परंतु उरलेले ९३ पैसे ज्या सात पैशांच्या आश्रयाने सुरक्षित राहतात, ते हेच. भिंतीतील प्रत्यावर्ती वीज संगणकास लागणाऱ्या स्थिर दाबात बदलणे आणि दाब वाढल्यास अथवा कोठे शॉर्टसर्किट झाल्यास स्वतः बंद पडून इतर भागांना वाचवणे, हे त्याचे काम आहे. निकृष्ट एसएमपीएस बिघडताना आपल्याबरोबर मदरबोर्ड किंवा ग्राफिक्स कार्डही नेऊ शकतो.

किती वॅटचा घ्यावा, याचा हिशेब कठीण नाही. ६५ वॅटचा प्रोसेसर, ११५ वॅटचे आरटीएक्स ४०६० कार्ड आणि इतर भागांसाठी सुमारे ६० वॅट धरल्यास बेरीज २४० होते. कार्डाची मागणी क्षणभर उसळते, त्यासाठी राखीव क्षमता लागते. या कार्डासाठी निर्मात्यानेच ५५० वॅटच्या पुरवठ्याची शिफारस केली आहे. ‘८० प्लस’ हे प्रमाणपत्र २०%, ५०% आणि १००% भारावर किमान ८०% कार्यक्षमतेची ग्वाही देते. ते अवश्य पाहावे; मात्र ते कार्यक्षमतेचे प्रमाणपत्र आहे, सुरक्षिततेचे नव्हे. म्हणून नामांकित कंपनी आणि हमीची दीर्घ मुदत यांनाही तेवढेच महत्त्व द्यावे. भिंतीतील सॉकेटला योग्य अर्थिंग आहे की नाही, हेही विद्युत तंत्रज्ञाकडून तपासून घ्यावे. यूपीएस घेताना व्हीए आणि वॅट यांतील भेद ध्यानात ठेवावा: ६०० व्हीएचा यूपीएस अनेकदा ३६० वॅटच देतो.

कॅबिनेटचे पाच पैसे हवेसाठी खर्च व्हावेत. विदर्भात अथवा उत्तर भारतात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि प्रत्येक घरात वातानुकूलन नसते. समोरून काचेने बंद केलेली, रंगीत दिव्यांनी झगमगणारी पेटी अशा हवामानात आतील भागांना घुसमटवते. तापलेले भाग स्वतःच आपला वेग कमी करतात. समोर जाळी, धूळ अडवणारी गाळणी आणि हवा आत घेणारे व बाहेर टाकणारे पंखे असलेली साधी पेटी अधिक उपयुक्त होय.

बिल, हमी आणि हप्ता

संगणकाच्या सुट्या भागांवर १८% जीएसटी आकारला जातो. करासह ६०,००० रुपयांच्या खरेदीत सुमारे ९,१५० रुपये कराचे असतात. ‘बिल नको असेल तर कमी करू’ हे वाक्य त्यामुळे मोहक वाटते. परंतु ग्राफिक्स कार्ड, प्रोसेसर यांसारख्या भागांवर सामान्यतः तीन वर्षांची हमी असते आणि ती मागताना बिल लागते. सर्वांत महाग कार्ड दीड वर्षात बंद पडले आणि हाती बिल नसले, तर वाचवलेल्या कराच्या कितीतरी पट रक्कम जाते. पक्क्या बिलावर प्रत्येक भागाचा अनुक्रमांक लिहून घ्यावा. प्रोसेसर सीलबंद खोक्यातील आहे की सुटा, ‘ट्रे’ प्रकारचा, हेही विचारावे. सुट्या प्रोसेसरबरोबर पंखा मिळत नाही आणि निर्मात्याची हमी सहसा लागू होत नाही.

हप्त्याने खरेदी करणाऱ्यांनी ‘नो कॉस्ट ईएमआय’ या शब्दांचा अर्थ नीट समजून घ्यावा. शून्य टक्के व्याज या संकल्पनेविषयी रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना स्पष्ट निर्देश दिले होते. अशा योजनांत व्याज असतेच. ते सुरुवातीच्या सवलतीच्या रूपाने भरून काढले जाते. क्रेडिट कार्डावरील व्याजाच्या रकमेवर जीएसटी लागतो, काही वेळा प्रक्रिया शुल्कही असते आणि रोखीने मिळणारी सूट हातची जाते. तेव्हा एकरकमी किंमत आणि सर्व हप्त्यांची, शुल्कासह, बेरीज या दोन आकड्यांची तुलना करूनच निर्णय घ्यावा.

समाजमाध्यमांवरून वापरलेले भाग घेताना अनोळखी विक्रेत्यास आगाऊ रक्कम पाठवू नये. ‘परतावा’ मिळवण्यासाठी यूपीआय पिन टाकण्यास कोणी सांगितल्यास ती फसवणूक समजावी, कारण रक्कम स्वीकारण्यासाठी पिन लागत नाही. फसवणूक झालीच, तर १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार नोंदवावी आणि आपल्या बँकेसही कळवावे.

जोडणीनंतरची तपासणी

योग्य भाग घेऊनही काही घरांत संगणक अपेक्षेइतका चालत नाही आणि दोष भागांना दिला जातो. तक्रार करण्यापूर्वी तीन गोष्टी तपासाव्यात. पडद्याची वायर मदरबोर्डऐवजी ग्राफिक्स कार्डाला जोडलेली आहे ना? बायोसमध्ये रॅमचा ‘एक्सएमपी’ अथवा ‘एक्स्पो’ पर्याय चालू केला आहे ना? आणि १४४ हर्ट्झचा पडदा असल्यास विंडोजच्या सेटिंगमध्ये तो आकडा निवडला आहे ना? यांपैकी कोणत्याही दुरुस्तीस एक पैसाही लागत नाही.

मासिक खर्चाचाही अंदाज असावा. खेळताना ३०० वॅट वीज घेणारा संगणक रोज तीन तास चालला, तर महिन्याला २७ युनिट वीज लागते. विंडोजच्या अधिकृत परवान्याची किंमतही अंदाजपत्रकात आरंभीच धरावी. लिनक्स ही विनामूल्य प्रणाली पुष्कळ खेळांना चालते. परंतु व्हॅलोरंटसारखे काही खेळ त्यावर चालत नाहीत.

या साऱ्या निर्णयांत घरातील मुलांना सहभागी करून घेणे उचित ठरेल. ठरावीक रक्कम, शंभर पैशांचा कागद आणि प्रत्येक भागासाठी दोन दुकानांतील भाव एवढे साहित्य त्यांच्या हाती द्यावे. कार्डासाठी आणखी पाच पैसे हवे असतील, तर ते कोणत्या ओळीतून काढावयाचे आणि त्याची किंमत काय, हे त्यांनाच ठरवू द्यावे; वीजपुरवठ्याच्या ओळीवर मात्र मोठ्यांची नजर असावी. असा संगणक घरी येतो, तेव्हा त्यातील प्रत्येक भाग तेथे का आहे हे मुलांना ठाऊक असते. पुढे एखादा भाग बदलण्याची वेळ आली, तर कोठून सुरुवात करावी हेही त्यांना उमगलेले असते.